माशांची एकादशी

पनवेलकडे जाणारी हार्बर मार्गाची गाडी मानसरोवर सोडून पुढें निघाली, म्हणजे अखेरच्या पनवेल स्टेशनाच्या अलीकडे जें एकच स्टेशन लागतें, त्याचें नांव खांदेश्वर. उतारूंपैकीं पुष्कळांस हें नांव केवळ स्टेशनाचें म्हणूनच ठाऊक असतें. वास्तविक तें देवाचें आहे. येथें शंकराचें देऊळ आहे, देवळाला लागून तळें आहे, आणि या देवावरूनच भोवतालच्या वस्तीला व पुढें स्टेशनाला नांव मिळालें. १९७० सालच्या मार्च महिन्यांत सिडको स्थापन झाली व तिनें भातशेतीच्या या मुलखांत नवें शहर आंखलें. १९९८ सालीं लोकल गाडी पनवेलपर्यंत आली. २०१६ सालच्या ऑक्टोबरांत पनवेलची महानगरपालिका झाली. इतक्या उलथापालथींत देव आणि तळें मात्र जागच्या जागीं राहिलीं, ही आमच्यासारख्या वृद्धांस समाधानाची गोष्ट आहे.

शहर नवें झालें तरी तळ्याकाठचा जुना धर्म सुटलेला नाहीं. सकाळीं दर्शन आटोपल्यावर कोणी कणकेची गोळी, कोणी मूठभर कुरमुरे पाण्यांत टाकतो आणि मासे वर आले, कीं हात जोडतो. आपल्या शास्त्रकारांनीं गृहस्थाला जे पांच महायज्ञ नेमून दिले, त्यांत भूतयज्ञ हा एक आहे. स्वतः जेवण्यापूर्वीं मुक्या जिवांना त्यांचा वांटा काढून ठेवावा, हें त्याचें तात्पर्य. पूर्वीं अंगणांत कावळा येई, दारांत गाय येई, ओट्याखालीं मांजर असे. पांचव्या मजल्यावर यांपैकीं कोणीच येत नाहीं. मग हा वांटा द्यावा कोणाला? आमच्या समजुतीप्रमाणें या नव्या इमारतींत घरोघर माशांच्या कांचेच्या टांक्या दिसतात, त्याचें एक कारण हेंच असावें. लहान मुलांची हौस हें निमित्त. माणसाला कोणाला तरी भरविल्यावांचून चैन पडत नाहीं, हें खरें कारण.

आमच्याहि घरीं अशी एक टांकी आहे. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, उंची एक फूट. कांठोकांठ भरली तर पाणी साडेछप्पन लिटर मावेल. तींत पांच गप्पी, चार मॉली व दोन गुरामी असे अकरा जीव आहेत. गप्पीचें मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांत व त्रिनिदाद बेटांत. डांसांच्या अळ्या खातो म्हणून हिंवतापाशीं झगडणाऱ्या अधिकाऱ्यांनीं तो जगभर नेला आणि तो आपल्याकडील डबक्यांतहि स्थायिक झाला. गुरामी मात्र आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. तो पाण्यांतल्या हवेवर अवलंबून न राहतां मधून मधून वर येऊन तोंडानें हवा घेतो. टांकी आणविली दहा वर्षांच्या नातवानें. परंतु दोन महिन्यांच्या आंत तिची सर्व व्यवस्था आमच्या वडील वहिनींकडे गेली. कुटुंबांतल्या सर्व गोष्टी अखेर तिकडेच जातात.

या वहिनींविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढचें समजावयाचें नाहीं. वय त्र्याहत्तर. थोरले बंधु जाऊन बारा वर्षें झालीं. प्रत्येक एकत्र कुटुंबांत एक घर राखणारें माणूस असतें. आमच्याकडे तें माणूस म्हणजे वहिनी. मंडळी पंढरपूरला निघाली तेव्हां गांवच्या घरीं गाय व्यालेली होती, त्या राहिल्या. काशीयात्रा ठरली तेव्हां देवांची पूजा कोण करणार म्हणून राहिल्या. पुढें तुळशीला पाणी, नंतर वाळवणें, नंतर कोणाची तरी परीक्षा. निमित्त दर वेळीं निराळें आणि दर वेळीं खरें. त्यामुळें त्या मागें राहतात हें कोणाला खटकेनासें झालें होतें. गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं सर्वांनीं मिळून तीन दिवस महाडकडे जाण्याचें ठरविलें. तुळशीची व देवांची सोय खालच्या मजल्यावरील गुरुजींनीं आनंदानें पत्करली. तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही सगळे खुशाल जा. माशांना दोन वेळां खायला कोण घालील? मी आहें घरीं.”

नातवाचा चेहरा पडला. त्याला मासेहि हवे होते आणि मोठी आजीहि हवी होती. तेव्हां या प्रश्नाचा सांगोपांग विचार करणें प्राप्त झालें. चाळीस वर्षें मुलांना शिकविलें असल्यामुळें विचार करावयाचा म्हणजे पुस्तकें पाहावयाचीं आणि चार जाणत्यांना विचारावयाचें, ही आमची जुनी संवय आहे. जें निष्पन्न झालें तें येथें देतों; कारण ज्यांच्या घरीं मासे आहेत त्यांच्या घरीं हा प्रश्न दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटींत हटकून उभा राहतो.

पहिली गोष्ट ही, कीं माशाची भूक आपल्या भुकेसारखी नाहीं. आपण जें खातों त्यांतला मोठा भाग शरीराची ऊब कायम राखण्यांत जळून जातो. माशाच्या अंगाला स्वतःची अशी ऊब राखावी लागत नाहीं. पाणी जितकें उष्ण तितकें त्याचें शरीर उष्ण. म्हणून त्याला अन्न फार थोडें पुरतें. पूर्ण वाढलेला, निरोगी मासा तीन-चार दिवस कांहीं न खातां सहज राहतो. पुष्कळ जातींचे मासे आठवडाभरहि राहतात. आपल्याकडे वैद्यलोक लंघनाचे गुण गातात. माशांच्या बाबतींत जाणते पाळणारे आठवड्यांतून एक दिवस मुद्दाम उपास घडवितात. ही त्यांची एकादशी. याला अपवाद नुकत्याच जन्मलेल्या पिलांचा; त्यांना दिवसांतून अनेक वेळां अन्न लागतें. आजारी माशाचाहि अपवाद समजावा. घरांत पिलें असतील तर त्यांच्यासाठीं माणूस ठेवावाच लागेल.

येथें कोणी म्हणेल, “पण आम्ही टांकीजवळ गेलों कीं ते धांवत वर येतात, तोंडें उघडतात, भूक नसती तर कशाला आले असते?” हा माशांचा नव्हे, आपल्या मनाचा खेळ आहे. माणसाची आकृति दिसली कीं अन्न पडतें, एवढें ते शिकलेले असतात. निसर्गांत पुढचा घांस केव्हां मिळेल याची शाश्वति नसल्यामुळें मिळेल तें गिळावें हीच त्यांची वृत्ति. गोल्डफिश म्हणून जो सोनेरी मासा घरोघर असतो, त्याला तर जठरच नसतें. अन्न सरळ आंतड्यांत उतरतें. त्याला पुरे म्हणण्याची जागाच देवानें ठेवलेली नाहीं. ती जागा आपण घ्यावयाची.

दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची. टांकींतले मासे उपासानें क्वचित् मरतात. अन्नानें पुष्कळ मरतात. न खाल्लेला दाणा तळाशीं कुजतो आणि त्यांतून अमोनिया नांवाचें विष उत्पन्न होतें. मासे स्वतःहि कल्ल्यांवाटे तोच अमोनिया बाहेर टाकीत असतात. फिल्टरच्या स्पंजांत व तळच्या खड्यांवर सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. त्यांतले कांहीं या अमोनियाचा नायट्राइट करतात, तेंहि विषच. दुसरे त्याचा नायट्रेट करतात, तो पुष्कळ सौम्य असतो आणि पाणी बदलून किंवा पाणवनस्पतींच्या योगानें कमी होतो. हा कारखाना जितकें पचवूं शकतो त्याहून अधिक अन्न पडलें, कीं पाणी विषारी झालेंच म्हणून समजावें. नदींत हेंच अन्न वाहून जाईल. साडेछप्पन लिटरांत तें जाणार कोठें?

आमच्या इमारतींतच याचा पडताळा आला होता. एक कुटुंब चार दिवस परगांवीं गेलें. अन्नाचा डबा शेजारच्या मुलाच्या हातीं दिला. मुलगा अतिशय प्रेमळ. मासे वर आले कीं तो चिमूट टाकी. पुन्हां आले कीं पुन्हां टाकी. तिसऱ्या दिवशीं पाणी ताकासारखें पांढरें झालें आणि चौथ्या दिवशीं मंडळी परतलीं तेव्हां एकहि मासा जिवंत नव्हता. मुलगा कित्येक दिवस त्या दारावरून मान खालीं घालून जाई. त्याचा दोष कोणता? त्याला कोणीं प्रमाण सांगितलें नव्हतें, इतकेंच.

यावरून प्रवासाला निघणाऱ्यानें करावयाच्या गोष्टी आपोआप ठरतात. निघण्यापूर्वीं आठवडाभर नवा मासा आणूं नये. त्याच्याबरोबर रोग आला तर पाहावयाला कोणी नसतें. निघण्याच्या एक-दोन दिवस आधीं सुमारें पाव भाग पाणी बदलावें, मात्र नळाच्या पाण्यांतील क्लोरीन औषधानें मारून मगच तें घालावें. फिल्टरचा स्पंज नळाखालीं खळखळून धुऊं नये. धुतला तर उपकारी जंतूंची वस्ती वाहून जाते. तो टांकींतून काढलेल्या पाण्यांतच हलकासा पिळावा. कुजकीं पानें काढावीं, झांकण घट्ट बसवावें, पाण्याची पातळी भरून घ्यावी. दिवा चोवीस तास चालूं ठेवूं नये. त्यानें शेवाळ माजतें. फिल्टर मात्र एक क्षणहि बंद करूं नये. घरचें मुख्य बटण बंद करून जाण्याची अनेकांस संवय असते; अशा घरीं माशांना अन्नापेक्षां विजेची उणीव आधीं जाणवेल. वीज जाण्याचें भय असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मिळतो, तो लावावा.

बाजारांत सुटीसाठीं म्हणून अन्नाच्या पांढऱ्या वड्या मिळतात. त्या पाण्यांत हळूहळू विरघळतात व पाणी गढूळ करतात. तीन दिवसांसाठीं त्यांची मुळींच गरज नाहीं. ठराविक वेळीं ठराविक दाणे टाकणारें यंत्रहि मिळतें. आठ दिवसांहून अधिक जावयाचें असेल तर तें उपयोगी आहे. परंतु निघण्यापूर्वीं आठवडाभर समोर बसून त्याची परीक्षा घ्यावी, आणि आपल्या कोंकणच्या पावसाळ्यांत तर त्यावर विसंबूंच नये. दमट हवेनें दाणे चिकटून त्याचें तोंड बुजतें, नाहींतर सर्व साठा एकदम पडतो. सर्वांत उत्तम यंत्र म्हणजे शेजारी. पण त्याच्या हातीं डबा देऊं नये. आमच्या वयाच्या माणसांकडे औषधाच्या गोळ्यांसाठीं सात कप्प्यांची डबी असते. तिच्या एकेका कप्प्यांत एका दिवसाचें अन्न मोजून भरावें, एक आड एक कप्पा रिकामा ठेवावा आणि मूळ डबा कपाटांत कुलूप लावून ठेवावा. शेजाऱ्याचें प्रेम अबाधित राहतें आणि मासेहि.

एका गोष्टीविषयीं मात्र कळकळीनें सांगावेंसें वाटतें. कांहीं लोक गांवाला जातांना किंवा बिऱ्हाड बदलतांना टांकींतले मासे देवाच्या तळ्यांत सोडून देतात आणि पुण्य केलें असें समजतात. हें पुण्य नव्हे. टांकी साफ ठेवणारा म्हणून जो खवल्याखवल्यांचा काळा मासा विकतात, तो दक्षिण अमेरिकेंतला. आपल्या देशांतील अनेक जलाशयांत तो असाच सोडला गेला आणि तेथें माजून देशी माशांच्या अन्नावर व जागेवर आक्रमण करूं लागला. टांकींतला जीव नको झाला तर तो विकणाऱ्याला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. खांदेश्वराच्या तळ्याला त्याचे स्वतःचे मासे पुरे आहेत.

हें सर्व आम्हीं एका कागदावर लिहून वहिनींना वाचून दाखविलें. त्या ऐकून घेत होत्या. शेवटीं म्हणाल्या, “म्हणजे मी नसलें तरी चालतें म्हणा.” वाक्य साधें होतें, पण त्यानें घरांत एकदम शांतता पसरली. जिनें पन्नास वर्षें दुसऱ्यांना वेळेवर वाढलें, तिला तीन दिवस तुमच्यावांचून अडत नाहीं असें सांगणें हा आनंदाचा निरोप असेलच असें नाहीं. नातू तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, “माशांचं चालतं मोठ्या आजी, माझं नाहीं चालत.” यावर शास्त्रार्थ संपला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं वहिनींनीं स्वतः पाणी बदललें, अकरा मासे दोनदां मोजले आणि टांकीसमोर उभ्या राहून, लहान मुलाला सांगावें तसें कांहींतरी पुटपुटल्या.

पनवेलहून गोव्याच्या महामार्गानें पेण, नागोठणें, कोलाड, माणगांव करीत शंभराहून अधिक किलोमीटरांवर महाड लागतें. तेथें प्रथम चवदार तळें पाहिलें. १९२७ सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह याच तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. जेथें जनावरांना पाणी पिण्यास आडकाठी नव्हती, तेथें माणसांना होती. भूतयज्ञाच्या गोष्टी सांगणाऱ्या आम्हां मंडळींनीं आपल्या नातवंडांना हीहि गोष्ट त्याच तोंडानें सांगितली पाहिजे, म्हणून पायरीवर बसून ती सांगितली. मुलें बराच वेळ पाण्याकडे पाहत होतीं.

दुसऱ्या दिवशीं बिरवाडीवरून वाळणकोंडास गेलों. सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीचा हा खोल डोह. कांठीं वरदायिनी देवीचें स्थान. डोहांतले मासे देवीचे, म्हणून त्यांना कोणी धरीत नाहीं, मारीत नाहीं. हे महाशीर जातीचे मासे; अंगावर रुपयाएवढीं खवलीं, पाठ काळसर, आणि चाल एखाद्या सरदाराची. धरणें, सुरुंग व विष यांच्या योगानें सह्याद्रीच्या अनेक नद्यांतून हा मासा ओसरला आहे; लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा वीजकंपनीनें त्याची पैदास करून पिलें अनेक जलाशयांत सोडलीं, तेव्हां त्याला थोडा आधार मिळाला. मात्र वाळणकोंडासारख्या ठिकाणीं कोणताहि सरकारी कायदा होण्यापूर्वींपासून नुसत्या श्रद्धेनें त्याचें रक्षण झालेलें आहे. वैतरणेच्या कांठीं वाडा तालुक्यांत तिळसें येथेंहि शंकराच्या देवळाशीं असेच अभय दिलेले मासे आहेत.

मंडळींनीं कुरमुरे टाकले. पाणी क्षणांत हललें आणि हाताएवढाले मासे एकमेकांवर चढून वर आले. घरचे दीड बोटाचे गप्पी पाहणारा नातू थक्क झाला. मग त्यानें तोच प्रश्न विचारला, जो आम्ही शिक्षक असतों तर फळ्यावर लिहून ठेवला असता: “पावसाळ्यांत एवढा पूर येतो, तेव्हां इथं कोणी येत नसेल. मग यांना खायला कोण घालतं?”

आम्ही उत्तर देणार होतों, कीं शेवाळ, किडे, गोगलगाई, कांठच्या झाडांचीं पडलेलीं फळें असें सर्व कांहीं महाशीर खातो. पण वहिनी आधींच म्हणाल्या, “ज्या नदीचे ते, ती घालते.”

“मग आपण कशाला टाकतों?”

“तें आपल्यासाठीं रे,” वहिनी म्हणाल्या, आणि उरलेले कुरमुरे त्यांनीं पदराला बांधले. पाण्यांत टाकले नाहींत.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं घरीं पोंचलों. दिवा लावतांच अकराहि वर आले. पाणी निघतांना होतें त्याहून स्वच्छ होतें. नातू डबा घेऊन धांवला. वहिनींनीं त्याचा हात धरला. “लंघनानंतर पेज द्यायची असते, पक्वान्न नाहीं,” असें म्हणून त्यांनीं दोन बोटांत मावेल एवढीच चिमूट पाण्यांत सोडली. एवढी शिस्त आमच्या कागदांत लिहिलेली नव्हती, पण ती अगदीं बरोबर आहे. उपासानंतर एकदम भरपूर अन्न घातलें तर जें तीन दिवसांत झालें नाहीं तें एका रात्रींत होतें.

शतपथब्राह्मणांत मनूची कथा आहे. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत त्याच्या ओंजळींत एक चिमुकला मासा आला आणि त्यानें आपलें पालन करण्याची विनंति केली. मनूनें त्याला आधीं घटांत ठेवलें, मोठा झाल्यावर खड्ड्यांत, आणि मग समुद्रांत नेऊन सोडलें. पुढें प्रलयांत त्याच माशानें मनूची नौका तारली. ही कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली. कथेंत मनूनें माशाला काय खाऊं घातलें याचा उल्लेख नाहीं. त्याला केव्हां किती पाणी लागेल याची गणना मात्र तींत आहे. घटांत मासा ठेवणाऱ्यानें समुद्राचें काम आपल्या शिरावर घेतलेलें असतें, आणि समुद्राचें काम मुख्यतः पाणी शुद्ध ठेवण्याचें आहे. वाढण्याचें काम त्यांतला लहानसा भाग.

ज्या ज्या घरीं कोणी एक माणूस दर वेळीं मागें राहत असेल, त्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा. गाय, देव, तुळस, मासे यांची सोय बहुधा होते. ती करावयास कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसावें लागतें, इतकेंच. आमच्या घरीं वैशाखांत तिळसें येथें जाण्याचें घाटत आहे. त्या वेळीं पाणी तापलेलें असेल, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी राहतो, म्हणून बॅटरीचा पंप आधींच आणून ठेवावा, अशी सूचना पुढें आली आहे. सूचना वहिनींची आहे, आणि जाण्याचीहि त्यांचीच.